केटलिन क्लार्क: त्या व्हायरल मजकुरात खरं किती?

केटलिन क्लार्कच्या नावाने एक मजकूर बरेच दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. भाषा थोडीफार बदलते, गोषवारा तोच. महिलांचं कॉलेज बास्केटबॉल कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग अमेरिकेच्या आयोवा राज्यातली ही मुलगी आली, अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकायला लागली आणि एका रात्रीत स्टार झाली. पुरुषांचेही सगळे विक्रम मोडले. एकटीने अख्खा खेळ बदलून टाकला. आता तिकडच्या महिला खेळाडूंना पैशाची ददात नाही. आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसकट: आपल्या मुलींनी हिची जिद्द घ्यावी.

कौतुकाचा मजकूर आहे, कुणाची बदनामी नाही, म्हणून सोडून देता आला असता. क्लार्कचा खेळ मलाही मनापासून आवडतो. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य तपासलं की ढासळतं, आणि ढासळल्यावर खाली जे सापडतं ते या मजकुरापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

‘एका रात्रीत स्टार झाली’

ही रात्र फारच लांबलेली दिसते. क्लार्कचा जन्म २००२ चा, डे मॉइन शहरातला. शाळेत असतानाच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तिने एका सामन्यात ६० गुण केले होते, त्यात १३ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे शॉट. त्याच वर्षी अमेरिकेच्या १९ वर्षांखालील संघातून जागतिक सुवर्णपदक. २०२१ मध्ये पुन्हा सुवर्ण, आणि या वेळी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच. घराजवळच्या आयोवा विद्यापीठात जाण्यासाठी तिने नोत्र दामसारखं बडं नाव नाकारलं होतं.

कॉलेजचा पहिला हंगाम २०२०-२१ चा, म्हणजे ऐन कोविडचा. सामन्याला सरासरी २६.६ गुण, देशात सर्वाधिक. आणि स्टँड जवळजवळ रिकामे! देशातली सगळ्यात जास्त गुण करणारी मुलगी खेळत होती आणि टाळ्या वाजवायला माणूस नव्हतं. मजकूर लिहिणाऱ्याने हे वर्ष गाळलंय.

दुसरं वर्ष तर जास्तच गाळलंय. २०२१-२२ मध्ये गुण आणि असिस्ट (सोबतीणीला गुण मिळवून देणारा पास) या दोन्हींत ती देशात पहिली आली. महिलांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वात वरच्या गटात, एकाच हंगामात हे आधी कुणाला जमलं नव्हतं. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत, घरच्या मैदानावर, खचाखच भरलेल्या कार्व्हर-हॉकाय अरीनात, आयोवा दहाव्या मानांकनाच्या क्रेटनकडून ६४-६२ ने हरली. क्लार्कचे १९ पैकी ४ शॉट्स पडले. शेवटच्या काही सेकंदांत क्रेटनला आघाडी देणारा थ्री-पॉइंटर मारला लॉरेन जेन्सनने, जी आदल्याच वर्षी आयोवाच्या संघातून क्रेटनला गेली होती. पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

मजकुरातली ‘रात्र’ उजाडली ती तिसऱ्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये. लुईव्हिलविरुद्ध ४१ गुण, १२ असिस्ट, १० रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). राष्ट्रीय स्पर्धेत, पुरुष असोत वा महिला, ४० गुणांचं ट्रिपल-डबल (तिन्ही आकडे दहा किंवा जास्त) त्याआधी कुणी केलं नव्हतं. मग उपांत्य फेरीत तोवर अपराजित असलेल्या साउथ कॅरोलायनाला ७७-७३ ने घरी पाठवलं. तिथून जगाला नाव कळलं. तोवर तिचे कॉलेजचे तीन हंगाम संपत आले होते.

‘आधी कोणी बघतच नव्हतं’

या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते आयोवाबद्दल म्हटलंय. दुसऱ्या कुठल्या राज्याबद्दल म्हटलं असतं तर एकवेळ खपलं असतं.

आयोवात मुलींची राज्यस्तरीय शालेय बास्केटबॉल स्पर्धा १९२० पासून चालू आहे. १९२५ मध्ये शाळांच्या राज्य संघटनेने मुलींच्या खेळातून अंग काढून घेतलं, तेव्हा लहान गावांतल्या शाळांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. मोठ्या शहरांतल्या शाळा मागे हटल्या, खेड्यांनी खेळ टिकवला. तिथे सहा-सहा जणींचं बास्केटबॉल चालायचं. तीन जणी फक्त हल्ला करायच्या, तीन फक्त बचाव, मधली रेषा ओलांडायची नाही, आणि दोनदाच ड्रिबल करायची परवानगी. गुण मात्र धो-धो. डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममधली अंतिम फेरी टीव्हीवर दाखवली जायची. डेनिस लाँगने एका सामन्यात १११ गुण केले होते. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या संघाने तिचं नाव ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पुकारलं. प्रसिद्धीसाठीच होतं ते, पण पुकारलं. सहा जणींचा हा प्रकार आयोवात १९९३ पर्यंत चालला.

क्लार्कच्या काळात आयोवाची सहायक प्रशिक्षक असलेली जॅन जेन्सन (वरच्या लॉरेनशी फक्त आडनावाचा संबंध) याच खेळातून आलेली. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिची सरासरी सामन्याला ६६ गुण होती. २०२४ मध्ये लिसा ब्लूडर निवृत्त झाल्यावर मुख्य प्रशिक्षकही तीच झाली.

आणि ते कार्व्हर-हॉकाय अरीना. ३ फेब्रुवारी १९८५ ला तिथे आयोवा आणि ओहायो स्टेटच्या मुलींचा सामना बघायला २२,१५७ माणसं आली. जागा पंधरा हजारांच्या घरात. लोक जिन्यांवर, वाटांमध्ये बसले होते. क्लार्कच्या जन्माला तेव्हा सतरा वर्षं अवकाश होता.

टीव्हीचं बोलायचं तर १९८३ चा महिलांचा अंतिम सामना, शेरिल मिलरची यूएससी विरुद्ध लुइझियाना टेक, १ कोटी १८ लाख लोकांनी पाहिला. हा आकडा मागे टाकायला २०२४ उजाडावं लागलं. म्हणजे प्रेक्षक होते. मधली बरीच वर्षं अंतिम सामना फक्त केबलवर दिसायचा.

‘एकटीने खेळ बदलला’

इथे मला समोरच्याचं अर्धं मान्य करावं लागेल. २०२४ चा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, त्याच वर्षीचा पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. महिलांचा आकडा वर जाण्याची ही पहिलीच वेळ. क्लार्क गेल्यावर, २०२५ मध्ये, आकडा सुमारे ८५ लाखांवर आला. तिचा परिणाम नाकारणं म्हणजे डोळे मिटून बसणं. पण २०२२ चा, ती नसलेला अंतिम सामना पाहणारे ४८ लाखांच्या आसपास होते. ती नसलेल्या दोन अंतिम सामन्यांत तीन वर्षांत एवढा फरक पडतो, तर त्याची कारणं तिच्या पलीकडेही शोधायला हवीत.

त्यातलं एक कारण म्हणजे डंबेल्सची छोटीशी रांग. मार्च २०२१ मध्ये ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने सॅन अँटोनियोहून एक व्हिडिओ टाकला. पुरुषांच्या स्पर्धेच्या ठिकाणी अख्खी व्यायामशाळा, महिलांच्या ठिकाणी एकच लहानसा रॅक. बोंबाबोंब झाली, कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेला बाहेरून चौकशी करून घ्यावी लागली. महिलांची स्पर्धा किती स्वस्तात विकली जातेय, ते त्या अहवालात निघालं. तोवर राष्ट्रीय स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे नावही फक्त पुरुषांसाठी राखून ठेवलेलं होतं! २०२२ पासून ते महिलांना मिळालं. २०२३ चा अंतिम सामना केबलऐवजी मोफत दिसणाऱ्या एबीसी चॅनेलवर आला आणि ९९ लाखांनी तो पाहिला. तो सामना आयोवा १०२-८५ असा हरली, हेही जाता जाता सांगून ठेवतो. जिंकली एंजल रीसची एलएसयू, आणि क्लार्क-रीस ही जोडी जमली नसती तर पुढच्या वर्षीच्या त्यांच्या सामन्याला १ कोटी २३ लाख लोक बसले असते का, याची मला शंका आहे. नायिकेला तोलामोलाची प्रतिस्पर्धी लागते, आणि मजकुरात रीसचं नावच नाही.

मैदानावर तर ‘एकटीने’ हा प्रकार अजिबात टिकत नाही. २०२४ ची उपांत्य फेरी घ्या, यूकॉनविरुद्ध. निका म्यूलने क्लार्कला २१ गुणांवर रोखलं. त्या दिवशी आयोवाकडून सर्वाधिक गुण हॅना स्ट्युल्कीचे, २३. शेवटच्या सेकंदांत यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सवर स्क्रीनचा (नियमबाह्य वाट अडवल्याचा) फाउल लागला, तो आयोवाच्या गॅबी मार्शलला अडवताना. ७१-६९. त्या फाउलवर लोक अजून भांडतात, पण क्लार्क अंतिम फेरीत गेली ती या दोघींमुळे.

‘अर्ध्या मैदानावरून टाकते’

टाकते की. १५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनविरुद्ध केल्सी प्लमचा महिलांच्या कॉलेज कारकिर्दीतला ३,५२७ गुणांचा विक्रम मोडायला तिला आठ गुण हवे होते. एक ले-अप, एक थ्री, आणि मग मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या लोगोजवळून, डावीकडून, बचाव करणारी पोचायच्या आत सोडलेला तिसरा शॉट. सामना सुरू होऊन दोन-सव्वादोन मिनिटं झाली होती. त्या दिवशी तिने ४९ गुण केले.

पण आदल्या आठवड्यात काय झालं होतं? पेन स्टेटविरुद्ध अख्खं स्टेडियम विक्रम जवळ येण्याची वाट बघत होतं आणि स्ट्युल्कीने ४७ गुण करून टाकले. क्लार्कचे १५ असिस्ट होते. तिच्या कारकिर्दीत १,१४४ असिस्ट आहेत. पळत पळत, एका हाताने, दोन बचावपटूंच्या मधून सोडलेला पास आणि बास्केटखाली उभ्या असलेल्या मोनिका झिनानोच्या हातात तो नेमका पोचणं, पहिली तीन वर्षं आयोवाचा हाच मुख्य धंदा होता. रील्समध्ये शॉट दिसतो, पास कापला जातो. मजकूर लिहिणाऱ्याने रील्सच पाहिलेत.

‘पुरुषांचेही सगळे विक्रम मोडले’

सगळे नाही, मोजके. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे कॉलेज कारकिर्दीतल्या गुणांचा, पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा. ३ मार्च २०२४, ओहायो स्टेटविरुद्ध, आणि मोडला तोही लोगोवरून नव्हे, मध्यंतराच्या तोंडावर मिळालेल्या टेक्निकल फाउलच्या फ्री थ्रोवर, म्हणजे कुणी न अडवता टाकायच्या शॉटवर. मॅराविचने हे गुण तीन हंगामांत ८३ सामन्यांत केले होते, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. वर थ्री-पॉइंटची रेषाच नव्हती. क्लार्कने एकूण १३९ सामन्यांत ३,९५१ केले. दोन वेगळ्या काळांची ही तुलना, तिच्यात हार-जीत शोधू नये.

याउलट तिच्या विरोधकांचाही एक लाडका दावा आहे, की कोविडमुळे मिळालेल्या जादा पाचव्या वर्षाने हे झालं. साफ खोटं. ते वर्ष तिला उपलब्ध होतं आणि तिने ते घेतलं नाही. चार हंगाम खेळून ती गेली. प्लमही चारच हंगाम खेळली होती, आणि प्लमचा आकडा गाठायला क्लार्कला तिच्यापेक्षा कमी सामने लागले.

खरा अन्याय वेगळाच आहे. एनसीएएने महिलांच्या स्पर्धा १९८१-८२ मध्ये सुरू केल्या. त्याआधीचे विक्रम दुसऱ्या संघटनेच्या खात्यात पडून आहेत. कॅन्ससच्या लिनेट वुडार्डचे ३,६४९ गुण, मोठ्या चेंडूने, थ्री-पॉइंटशिवाय. क्लार्कने तिला २८ फेब्रुवारीला मागे टाकलं, पण बातम्यांत प्लम आणि मॅराविचच गाजले. फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजच्या पर्ल मूरचे तर ४,०६१ गुण आहेत, ज्युनिअर कॉलेजमधले सुरुवातीचे सामने धरून. तो आकडा आजही क्लार्कच्या पुढे आहे.

‘आपल्या मुलींनी हिची जिद्द घ्यावी’

जिद्द आहेच आपल्याकडे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती काय जिद्दीशिवाय? क्लार्कपाशी जिद्दीखेरीज जे होतं ते घ्यायचं बोला. १९७२ चा टायटल नाइन कायदा होता, त्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला खेळात मुलींना डावलता येत नाही. पूर्ण शिष्यवृत्ती होती. गावोगावच्या शाळांत प्रशिक्षक होते आणि शंभर वर्षं चाललेली स्पर्धा होती. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या, तेही तिच्या पथ्यावर पडलं. हे सगळं वगळून एखाद्या मुलीला फक्त ‘जिद्द घे’ सांगणं फुकटचं असतं, म्हणून सोपं असतं.

‘आता पैशाची ददात नाही’

क्लार्कला नाही, हे खरं. नायकी, गेटोरेड, स्टेट फार्म रांगेत उभे होते. पण एप्रिल २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक महिला लीगमधल्या इंडियाना फीव्हरने तिला पहिल्या क्रमांकाने निवडलं, तेव्हा पहिल्या वर्षाचा पगार ठरला ७६,५३५ डॉलर. आदल्या वर्षी पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या व्हिक्टर वेम्बन्यामाचा होता १ कोटी २० लाखांहून जास्त. ती आल्यावर त्याच मे महिन्यात लीगने सगळ्या संघांसाठी चार्टर विमानं सुरू केली, त्याचं श्रेय तिच्या गर्दीला जरूर द्यावं. तोवर सहा-सव्वासहा फुटांच्या या बायका साध्या विमानांत गुडघे दुमडून सामन्यांना जात होत्या.

बाकीच्यांचं गणित मात्र साधं आहे. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएत १२ संघ होते, प्रत्येकात जास्तीत जास्त १२ जणी. म्हणजे १४४ जागा, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये ३६ नावं पुकारली, त्यातल्या कित्येक जणींना हंगाम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. क्लार्कची संघसोबती केट मार्टिन त्या रात्री मैत्रिणीला टाळ्या वाजवायला प्रेक्षकांत बसली होती, तिला आमंत्रणसुद्धा नव्हतं. अठराव्या क्रमांकावर लास व्हेगासने तिचं नाव घेतलं तेव्हा ती खुर्चीतून उठून मंचाकडे गेली. तिला जागा मिळाली. आयोवाच्या त्याच संघातली, यूकॉनविरुद्ध तो फाउल मिळवणारी गॅबी मार्शल त्या ३६ नावांत नव्हती.