‘एसक्यूलाइट म्हणजे खेळणं’ म्हणणाऱ्यांना

प्रोग्रामर मंडळींत एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसबद्दल, म्हणजे डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एसक्यूलाइट शिकण्यापुरतं ठीक, खरं काम करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस. कारणं पाच दिलेली असतात. भार पेलवत नाही. दोन जण आले की लॉक होतं. डेटाचे प्रकार पाळत नाही. नुसती फाइल, म्हणून डेटा सुरक्षित नाही. आणि शेवटी पोस्टग्रेसवर जायचंच आहे, तर आत्ताच का नाही?

मी रोज पोस्टग्रेस वापरतो, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. पण या पाचांतली दोन अर्धी कारणं टिकतात, म्हणजे बेरीज एक. आणि जे खरं कारण आहे, ते यादीत नाहीच.

‘खेळणं’ या शब्दाचं आधी बघू. रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट लिहायला घेतलं ते अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम ठप्प व्हायचा आणि बोलणी यांना खावी लागायची. म्हणून सर्व्हरच नको, ही कल्पना. आज ते प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आहे, आणि त्याच्या मूळ कोडपेक्षा चाचण्यांचा कोड पाचशे पटींहून जास्त आहे. खेळण्यांवर कोणी इतकी मेहनत घेत नाही.

भाराचं कारण लवकर निकालात निघतं. एसक्यूलाइट वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, म्हणून चालत नाही. ती तुमच्याच प्रोग्राममध्ये बसलेली लायब्ररी आहे, त्यामुळे क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हा साधा फंक्शन कॉल. पोस्टग्रेसला प्रत्येक क्वेरी सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या वाटेने, जाते आणि उत्तर तसंच परत येतं. एका पानासाठी दोनशे बारक्या क्वेऱ्या मारणं तिथे पाप, इथे फारसं कोणाच्या लक्षातही येत नाही. फाइलची कमाल मर्यादा २८१ टेराबाइट आहे. तिथवर पोचण्याआधी तुमची डिस्क संपेल.

लॉकचं कारण मात्र नीट सोडवून बघायला हवं, कारण लोक इथेच पोळतात. मुळातल्या पद्धतीत लिहिणारा आणि वाचणारे एकमेकांना अडवतात. २०१० मध्ये आवृत्ती ३.७.० आली आणि तिच्यासोबत वॉल (राइट-अहेड लॉग) पद्धत: बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत जातात, त्यामुळे वाचणारे वाचत राहतात आणि लिहिणारा लिहीत राहतो. एका वेळी लिहिणारा मात्र एकच, हे आजही खरं आहे. म्हणून हे अर्धं कारण मान्य. पण छोटा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र होणारे बदल) काही मिलिसेकंदांत उरकतो. व्यवहार उघडा ठेवून मधेच दुसऱ्या कुठल्या सेवेला हाक मारत बसाल, तर मागे रांग लागणारच.

मग ‘डेटाबेस इज लॉक्ड’ एवढ्या वेळा का दिसतं? कारण थांबण्याची मुदत, म्हणजे बिझी टाइमआउट, मुळात शून्य असते. कुलूप दिसलं की लगेच एरर. ती ५००० मिलिसेकंद करा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. उरलेल्यांमागे एक खोडी आहे. वॉल पद्धतीत तुम्ही ‘बिगिन’ म्हणून व्यवहार उघडता, आधी सिलेक्टने वाचता, मग अपडेटने लिहिता. मधल्या क्षणी दुसऱ्याने काही लिहिलं, की तुम्ही वाचलेलं चित्र शिळं झालं. आता कितीही थांबून ते ताजं होणार नाही, म्हणून टाइमआउटकडे न बघता एरर येते. लिहायचंच असेल तर सुरुवातीलाच ‘बिगिन इमिजिएट’ म्हणायचं, म्हणजे लिहिण्याचं कुलूप आधीच हातात येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक सर्व्हर बसवतात.

डेटाच्या प्रकारांचं म्हणणं, हेही अर्धं खरं. इंटिजर, म्हणजे पूर्णांकाच्या, कॉलममध्ये ‘अठरा’ हा मजकूर बिनबोभाट जातो. २०२१ मधल्या ३.३७ पासून टेबल बनवताना ‘स्ट्रिक्ट’ लिहिता येतं, मग नाही जात. फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्या टेबलाशी असलेल्या दुव्याची, तपासणीही मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते, जे मला आजही चीड आणणारं वाटतं. तारखेला स्वतःचा प्रकार नाही, नेमक्या दशांशालाही नाही. पैसे पूर्णांकात ठेवावे लागतात. इथे पोस्टग्रेस सरळसरळ सरस.

‘नुसती फाइल’ हा आक्षेप मजेशीर आहे, कारण पोस्टग्रेसही शेवटी फाइलींतच लिहितं. मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलो आहे. रोज रात्री चालू डेटाबेसची फाइल साध्या कॉपीने उचलत होतो. परत लावायची वेळ आली तेव्हा शेवटच्या नोंदी गायब, कारण त्या अजून वॉलच्या फाइलीत होत्या आणि ती मी घेतलीच नव्हती. त्यासाठी ‘बॅकअप’ कमांड आहे, ‘व्हॅक्यूम इंटू’ आहे. दोष माझा. चालू पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी अशीच उचलली असती तरी ती प्रत भरवशाची नसती. मात्र कालच्या दुपारच्या नेमक्या क्षणाला परत जाणं, किंवा दुसऱ्या मशीनवर जुळी प्रत तयार ठेवणं, हे पोस्टग्रेसमध्ये आतच आहे.

आता यादीत नसलेलं कारण: लिहिणारी मशीन किती? एका मशीनवरच्या चार प्रोसेस असतील तर चालतं. दोन मशीन असतील तर थांबा. नेटवर्क ड्राइव्हवर फाइल ठेवून जुगाड करू नका. तिथली कुलपं भरवशाची नसतात, आणि वॉलला शेअर्ड मेमरी लागते, ती दोन मशीनमध्ये नसते. शिवाय एसक्यूलाइटमध्ये युजर आणि परवानग्या नाहीत. ज्याला फाइल वाचता येते, त्याला सगळं वाचता येतं. वेगवेगळ्या टीमना वेगवेगळे हक्क द्यायचे असतील, तर बिनदिक्कत पोस्टग्रेस घ्या.

राहिलं ‘शेवटी जायचंच आहे’. फोनमधल्या ॲपला कुठे जायचंय? आणि सर्व्हर घेतला की त्याची उस्तवारही आली: प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस, मुळातली मर्यादा १००, दर मोठ्या आवृत्तीला पाच वर्षंच आधार, मग अपग्रेड.

या सल्ल्यातून निघालेली एक तडजोड मला सगळ्यात जास्त खटकते: लॅपटॉपवर एसक्यूलाइट, प्रत्यक्षात (लोक वापरतात त्या सर्व्हरवर) पोस्टग्रेस. एसक्यूलाइटचं ‘लाइक’, म्हणजे मजकूर शोधण्याची आज्ञा, इंग्रजी अक्षरांतला लहान-मोठा फरक बघत नाही, पोस्टग्रेसचं बघतं. लॅपटॉपवर शोध चालतो, चाचण्या हिरव्या दिसतात, आणि प्रत्यक्षात मोठ्या अक्षरातलं नाव लहान अक्षरांत शोधणाऱ्याला रिकामं पान मिळतं. देवनागरीत लहान-मोठं नसतंच, त्यामुळे आपल्या चाचणीत नावं मराठी असतील तर हे कळतही नाही.