झाडाभोवतीचे आळे मोकळे राहू द्या

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कौलारू घरामागे परडे होते आणि न्हाणीचे पाणी पाटाने केळीला व अळूला जात असे. आज तिथे इमारत उभी आहे आणि माझी बाग गॅलरीतल्या १७ कुंड्यांवर आली आहे. तरीही तिचा आनंद कमी झालेला नाही. शेजारच्या अक्कांनी दिलेल्या अबोलीची (त्या तिला कनकांबर म्हणतात) वाळलेली बोंडे पाणी पडताच तटकन फुटतात, बिया उडून दुसऱ्या कुंड्यांत पडतात आणि महिन्याभरात तिथे कोवळी रोपे दिसू लागतात.

कुंड्या सांभाळताना एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीच्या तळाचे भोक बुजले की पाणी साचते, मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. हे जाणणारी आपण माणसे दारासमोरच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जात असताना गप्प कशी राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगावचे नाव आले. त्यानंतर झालेले रस्ते आणि पदपथ हवेच होते. पण आमच्या गल्लीतल्या जुन्या बकुळीला खोडाला टेकवून पेव्हर ब्लॉक बसवले गेले, तेव्हा चार महिने धो धो कोसळणारा आपला पाऊस तिच्या मुळांशी न मुरता थेट गटारात जाऊ लागला. पहाटे ओंजळीने वेचावीत अशी तिची फुले फरशीवर पडून चपलांखाली चिरडू लागली. झाड तोडायचे तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मात्र मुळे अशी हळूहळू गुदमरली तर त्याची दखल कोण घेणार? पुढे वळिवाच्या वाऱ्यात झाड आडवे झाले की ते आतून पोकळच होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. चर खणताना तोडलेल्या मुळांची आठवण कोणालाच राहत नाही.

म्हणून पदपथाचे काम सुरू असतानाच प्रत्येक झाडाभोवती निदान तीन फुटांचे आळे मोकळे ठेवून घ्यावे, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तीन घरांनी मिळून, रीतसर परवानगी घेऊन, बकुळीभोवतीचे ब्लॉक काढले. खालची तांबडी माती विटेसारखी घट्ट झाली होती. ती खुरप्याने हलक्या हाताने मोकळी केली आणि वर पालापाचोळा पसरला. आठवड्याने वळीव आला, तेव्हा अक्का आणि मी छत्री घेऊन तिथेच उभ्या होतो. आळे काठोकाठ भरले, बराच वेळ त्यातून बुडबुडे येत राहिले आणि मग पाणी सावकाश खाली गेले.