पाय मोडलेला शर्यतीचा घोडा पैदाशीलाही निकामी? खुलासा

'पाय मोडला की शर्यतीचा घोडा संपला, पैदासही अशक्य' असा दावा फिरतो आहे. तो सरसकट खरा नाही. १९७१चा एप्सम डर्बी (इंग्लंडमधली नामांकित घोड्यांची शर्यत) विजेता मिल रीफ याचा पुढचा डावा पाय ऑगस्ट १९७२मध्ये सरावात मोडला. शस्त्रक्रियेने तो वाचला आणि न्यूमार्केटच्या नॅशनल स्टड या घोडे-पैदास केंद्रात पैदाशीला गेला. त्याच्या शर्ली हाइट्स (१९७८) आणि रेफरन्स पॉइंट (१९८७) या मुलांनीही डर्बी जिंकली!

मात्र थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही; नराला प्रत्यक्ष घोडीवर चढावेच लागते. घोडीवर चढताना नराचा भार मागच्या पायांवर येतो, म्हणून तिथली दुखापत जास्त अडचणीची. २००६मध्ये मागचा पाय मोडलेला अमेरिकी शर्यतीचा घोडा बार्बारो शस्त्रक्रियेनंतरही वाचला नाही. लॅमिनायटिसमुळे (खुरांच्या आतली वेदनादायक सूज) जानेवारी २००७मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.