पत्रक छापलं, पण खुर्ची कुठाय?

ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आशियाई वंशाचे ज्येष्ठ फिरकत नाहीत, म्हणून माहितीपत्रकं त्यांच्या भाषेत काढा, असं एका लेखात सुचवलंय. मी लेस्टरला राहते. आईला घेऊन संग्रहालयातल्या ज्येष्ठांसाठीच्या अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. पत्रक गुजराती-पंजाबीत (मराठी कुठलं, आम्ही इथे मूठभर!), पण तीन दालनांत मिळून खुर्ची एक. वेळ सकाळी नऊची. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचा मोफत बसपास सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतर चालतो, हे ठरवणाऱ्याच्या गावीही नसावं.

शेजारच्या गुजराती बा १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या आशियाईंना हाकलल्यावर कंपालाहून आलेल्या. त्यांच्या भजनमंडळात दुसऱ्या एका संग्रहालयातली मुलगी महिनाभर नुसती येऊन बसायची, चहा प्यायची. मग एकदा तिनं पिशवीतून जुना अडकित्ता काढला नि विचारलं, हे काय असतं? बांनी तो हातात घेऊन सुपारी कातरायची नक्कल केली आणि कंपालातल्या दुकानाबद्दल तासभर बोलत राहिल्या. पुढच्या गुरुवारी अकरा जणी घेऊन स्वतःच संग्रहालयात हजर! बांना वाचता येत नाही. पत्रक त्यांनी डब्याखाली अंथरलंय.