ए कोण, बी कोण, सी कोण

बीएस्सीला केमिस्ट्री होती हे मी लग्नाच्या बायोडेटात हौसेने लिहिलं होतं, ते आता मुलगी बारावीला गेल्यावर अंगाशी आलंय. मी बँकेत, दिवसभर लोकांचं केवायसी करायचं आणि रात्री ताट उचलायच्या आत "बाबा, तुझं केमिस्ट्री होतं ना?" की पुढ्यात एक इसम, आधार नाही, पॅन नाही, नाव नुसतं ए, म्हणजे केमिस्ट्रीच्या गणितातला अनोळखी पदार्थ, दिलेल्या खुणांवरून ओळखायचा.

परवाचा ए असा: कार्बन ५४.५ टक्के, हायड्रोजन ९.१, उरलेला कोण ते तुम्हीच ओळखा (ऑक्सिजनच असतो हो, पेपर काढणाऱ्याला सांगायला काय होतं कुणास ठाऊक). व्हेपर डेन्सिटी ४४, म्हणजे त्याची वाफ हायड्रोजन वायूच्या ४४ पट जड. टक्क्यांना अणुभारांनी भागलं की सी२एच४ओ येतं, त्याचं वजनही नेमकं ४४, झालं, कन्येने ॲसिटाल्डिहाइड लिहून वही मिटलीसुद्धा! सापळा तिथेच असतो, हायड्रोजनच्या रेणूचा भार दोन, म्हणून व्हेपर डेन्सिटीची दुप्पट करायची, रेणुभार ८८, म्हणजे सी४एच८ओ२. ती दुप्पट मी खिशातून काढल्यासारखी बघत होती माझ्याकडे.

खाण्याच्या सोड्याने फसफसत नाही म्हणजे ॲसिड नाही, वास फळासारखा गोड, म्हणजे एस्टर, ॲसिड आणि अल्कोहोलची जोडी. पण या फॉर्म्युल्याचे एस्टर चार, प्रोपिल फॉर्मेट, आयसोप्रोपिल फॉर्मेट, एथिल ॲसिटेट, मिथिल प्रोपिओनेट, आणि वास चौघांचाही गोडच, आणि तसंही छापील कागद हुंगून काय कळणारे. मग कॉस्टिक सोड्यात उकळून त्याला फोडायचं, ॲसिड बी आणि अल्कोहोल सी, आणि दोघांची वेगवेगळी जबानी घ्यायची. बीने टॉलेन्सला (चांदीचं द्रावण असलेली चाचणी) चांदीचा आरसा दिला नाही म्हणजे तो फॉर्मिक ॲसिड नव्हे, दोन्ही फॉर्मेट बाद. सीने आयोडीनच्या चाचणीत पिवळा साका, आयोडोफॉर्म, दिला, मिथेनॉल तो देत नाही, मिथिलवालाही बाद.

मी रंगात येऊन पानभर बाण काढत होतो तर ही म्हणते, "अरे बाबा, शेवटची ओळ वाच ना, सीचं ऑक्सिडेशन केलं की बीच मिळतो." म्हणजे दोघांत कार्बन सारखे, चारातले दोन-दोन, एथिल ॲसिटेट, विषय संपला. क्लासमधे हे अर्ध्या मिनिटात करायला शिकवतात म्हणे. मग मला कशाला उठवलंस गं जेवणावरून?

एवढ्यात बायको नेलपॉलिश पुसत पुसत आली आणि म्हणाली काय चाललंय एवढं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ॲसिटोन-फ्री, आणि मागे, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात, एथिल ॲसिटेट. म्हणजे आम्ही टक्के भागत बसलो होतो तेव्हा ए आमच्याच ड्रेसिंग टेबलावर होता! बायको म्हणाली, मला विचारायचं ना, वासावरून सांगितलं असतं.

कन्येने तोवर पान उलटलं होतं. पुढचा ए, सी५एच१०ओ२. याचे एस्टर नऊ होतात, आणि त्यातल्या सेकंडरी ब्यूटिल फॉर्मेटचे परत दोन, आरशातल्या प्रतिमेसारखे, एक डावा एक उजवा.