६२५ मधले १२५ ही भेसळ नव्हे

गेल्या आठवड्यात आत्याच्या पायाची जखम चिघळली. मधुमेह जुना, त्यात चप्पल घासून झालेली जखम. डॉक्टरांनी '६२५' ही अँटिबायोटिकची गोळी (५०० मिलिग्रॅम अमोक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, म्हणजेच 'क्लॅव्ह') लिहून दिली होती, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी बघायला गेलो तर उशाशी वेगळीच स्ट्रिप. साधी अमोक्सिसिलिन ५००, आणि ती एका वेळी दोन घेत होती. विचारलं तर म्हणाली, "अरे, त्या महागाच्या गोळीत भेसळ असते. हे वाच तूच." आणि फोन माझ्या हातात दिला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. 'एका प्रामाणिक डॉक्टरचा खुलासा' असा मथळा, डॉक्टरचं नाव मात्र कुठेच नाही. म्हणणं असं: ६२५ मध्ये खरं औषध ५०० मिलिग्रॅमच, बाकीचं १२५ 'क्लॅव्ह' जंतू मारत नाही, किंमत वाढवायला घातलंय. त्यापेक्षा साध्या ५०० च्या दोन घ्या. 'रेझिस्टन्स' म्हणजे शरीराला औषधाची सवय लागणं, आणि त्याचा बागुलबुवा कंपन्यांनी उभा केलाय. खरी जालीम औषधं त्यांच्या कपाटात कुलूपबंद आहेत. बरं वाटलं की गोळ्या बंद करा. आणि शेवटी, अर्थातच, हळद.

क्लॅव्हपासून सुरुवात करतो, कारण आत्याला नडलं ते तेच.

क्लॅव्ह एकटं दिलं तर जंतू फारसे मरत नाहीत, हे खरंच आहे. पण ते त्याचं कामच नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या प्रत्येक औषधाच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं. त्या कड्याच्या जोरावर औषध जंतूच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं. यावर जंतूंचा तोडगा म्हणजे बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम. ते कडं फोडतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं, त्यातली तरबेज एन्झाइमं तर सेकंदाला शेकडो रेणू फोडतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दिसायला औषधासारखंच असतं. एन्झाइम फसतं, त्याला धरतं आणि तिथेच अडकून बसतं, कुलपात किल्ली मोडावी तसं. मग ५०० मिलिग्रॅम अमोक्सिसिलिनला वाट मोकळी. हे क्लॅव्हही मातीतल्याच एका जिवाणूकडून मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस त्याचं नाव. बीचम कंपनीच्या संशोधकांनी ते १९७० च्या दशकात वेगळं केलं आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ही जोडगोळी बाजारात आली.

म्हणजे ज्याला भेसळ म्हणताय, तोच त्या गोळीतला शोध आहे. आणि 'दोन घ्या' हा सल्ला तर निव्वळ घातकी. एन्झाइम औषध फोडून संपत नाही, शाबूत राहतं. दोन गोळ्या दिल्यात तर दोन्ही फोडेल. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत हमखास सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि त्याच्या आजच्या बहुतेक वाणांकडे हे एन्झाइम असतं. आत्यानं चार दिवस जवळजवळ खडूच गिळला म्हणायचा.

आता 'कंपन्यांचा बागुलबुवा' आणि 'शरीराची सवय'. डिसेंबर १९४० च्या 'नेचर'मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहम आणि अर्न्स्ट चेन यांचं एक छोटं पत्र छापलंय. ई. कोलाय जंतूच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारं काहीतरी आहे असं त्यांना दिसलं, त्याला त्यांनी पेनिसिलिनेज म्हटलं, म्हणजे वर सांगितलेल्या बीटा-लॅक्टमेजचाच एक प्रकार. ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनचे उपचार सुरू झाले फेब्रुवारी १९४१ मध्ये. तारखा पुन्हा वाचा. औषध रुग्णापर्यंत पोचायच्या आधीच जंतूकडे त्याचा उतारा तयार होता! मग सवय लागली ती कुणाच्या शरीराला? आणि विकायला औषधच नव्हतं, तर भीती कोण कुणाला घालत होतं? शरीर होतं तसंच राहतं, बदलतात ते जंतू. गोळ्यांचा मारा झाला की उतारा असलेले जगतात, बाकीचे मरतात, आणि मागे राहिलेल्यांचंच राज्य.

कुलूपबंद कपाटाबद्दल. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. मोठ्या कंपन्यांनी नव्या अँटिबायोटिकच्या संशोधनाकडे पाठ फिरवली आहे, नोव्हार्टिसनं २०१८ मध्ये ते बंदच केलं. पण औषध लपवून पैसा मिळतो म्हणून नव्हे, विकूनही मिळत नाही म्हणून. नवं अँटिबायोटिक डॉक्टर राखून ठेवतात, आणि तेच बरोबर आहे, पण मग खप कुठून होणार? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. असं असतं कपाट.

आणि जे चाललंय ते लपूनछपून नाही. क्लॅव्हचाच नवा भाऊबंद म्हणावा असं एनमेटाझोबॅक्टम चेन्नईच्या ऑर्किड फार्मानं शोधलं, सेफेपिम या अँटिबायोटिकच्या जोडीनं त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. न्यूमोनियावरचं नाफिथ्रोमायसिन तर आपल्या वोक्हार्ट कंपनीचं, जिचं संशोधन केंद्र औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. दिवसाला एक डोस, तीनच दिवस. शत्रूही साधा नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात सापडलेलं, नवी दिल्लीच्या नावानं ओळखलं जाणारं एनडीएम-१ एन्झाइम जस्ताच्या आधारानं काम करतं, त्याला क्लॅव्ह जराही अडवू शकत नाही. म्हणून तर नवी औषधं लागतात.

बरं वाटलं की बंद? काही आजारांत छोटा कोर्स पुरतो, हे आता डॉक्टरही मानतात. पण किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, फॉरवर्ड नाही. टीबीवाल्यानं हा मेसेज मनावर घेतला तर काय होईल, विचार करा.

आणि हो, साध्या सर्दीलाही ६२५ लिहून देणारे महाभाग आहेत. सर्दी विषाणूची, तिथे ना ५०० चा उपयोग ना १२५ चा. लोकांना या गोळीचा संशय येतो त्यात त्यांचाही वाटा आहे. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूला तर आजही साधं पेनिसिलिन पुरतं. पण आत्याचा घसा बसला नव्हता, पाय सुजला होता.

हळदीचं म्हणाल तर ती आत्यानं पहिल्याच दिवशी थापली होती.

ड्रेसिंग आता एक दिवसाआड चालू आहे, ६२५ पुन्हा सुरू झालीय. हे सगळं मी ग्रुपवरही लिहिलं. त्यावर मामांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली तोच मेसेज पुन्हा, या वेळी 'सर्वांना पाठवा' असं जोडून.