कोंबडी कोणाच्या हद्दीत मेली?

कोकणात नुसता शेजारी असा कोणी नसतो. शेजारी राहतो तो भाऊबंद, आणि भाऊबंद म्हटला की मधे सातबारा आलाच. आमच्या आणि काकांच्या (माझ्या चुलत सासऱ्यांच्या) घरामध्ये चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. तो जिथे घालायला हवा होता तिथेच घातलाय का, यावर दोन्ही घरं कधी बोलत नाहीत. एरवी सगळं बोलतात. पाणी एका विहिरीचं, गणपतीत आरत्या एकमेकांकडे. फक्त गडग्यातच उगवलेल्या फणसाखाली आलं की सगळ्यांचे आवाज बदलतात.

याच गडग्यावरून काकांचा कुत्रा, टायगर, आमच्या परसात उडी मारतो.

टायगर दिसायला गरीब. पोस्टमनलासुद्धा शेपूट हलवतो. कोंबडी समोर स्वस्थ उभी राहिली तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण स्वस्थ उभी राहील ती कोंबडी कसली! ती पंख फडफडवत, आरडाओरडा करत पळते आणि पळणारं काही दिसलं की टायगरच्या डोक्यातली कळ फिरते. बरं, खातही नाही. मान धरून दोन झटके देतो आणि ती हलेनाशी झाली की चावी संपलेल्या खेळण्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघत बसतो. मग आमच्याकडे बघतो. आम्ही ती पुन्हा चालू करून द्यावी, अशी त्याची अपेक्षा असावी.

गावठी कोंबड्या हुशार. टायगरची चाहूल लागली की त्या भुर्रकन आंब्याच्या फांदीवर. सापडली ती मी हौसेने आणलेली गिरिराज जातीची कोंबडी. अंगाने दांडगी, पंख नावाला. तिच्या मरणाचं सासूबाईंना फारसं वाईट वाटलं नाही. "ती तशी मंदच होती," एवढंच म्हणाल्या. पण मग त्यांची लाल तलंग (तरणी कोंबडी) गेली, आणि त्या गडग्याजवळ जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझी तलंग मारल्यान रे मेल्यान!"

काका शांतपणे बाहेर आले. "आमचो टायगर कोंबडी खाणा नाय. त्येका मासो लागता."

"खाल्ल्यान खंय म्हणतंय? मारल्यान म्हणतंय!"

"पण तुमची कोंबडी आमच्या जाग्यात कित्याक इली?"

झालं! तलंग फणसाखाली पडली होती. आता ती आमच्या हद्दीत मेली म्हणावं, तर फणस आमचा ठरतो. काकांच्या हद्दीत मेली म्हणावं, तर फणस त्यांचा. जन्मभर कण्या टिपत फिरलेल्या त्या जिवाला मेल्यावर एवढं महत्त्व येईल असं वाटलं नव्हतं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना बोलावलं. त्यांचंही नाव त्याच सातबाऱ्यावर होतं. आमच्याकडे सातबाऱ्यावर कोणाचं नाव नाही हेच शोधावं लागतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पिसां खंय पडली ती आधी बघूया."

पिसं दोन्हीकडे पडली होती. काकांनी त्यांच्या बाजूची मोजायला घेतली. सासूबाई कडाडल्या, "पिसां वाऱ्यान जातत. वाऱ्याक काय सातबारो कळता?"

मग नुकसानभरपाई. काका बाजारातून ब्रॉयलर आणून द्यायला तयार झाले. हा प्रस्ताव मी सासूबाईंना सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तलंग मीच मारली असावी. त्यांचा हिशोब वेगळा होता. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी घालते. ती खुडूक बसली की 21 दिवसांनी पिल्लं, त्यात माद्या निम्म्या धरा, त्या मोठ्या झाल्या की त्यांची अंडी... गणपतीपर्यंत काका आम्हाला एक गोठा देणं लागत होते. मुंगूस, घार, रानमांजर यांची तूट त्यांनी या हिशोबात धरली नव्हती. मी आठवण करून दिली नाही. मला त्याच घरात राहायचं होतं.

बारावीतल्या चिरंजीवांनी मोबाईल काढला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे म्हणे. आपलं जनावर निष्काळजीपणे सोडून माणसांना धोका झाला, तर सहा महिने किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ऐकून सासूबाई खूश झाल्या. पण तलंग माणसांत मोडत नाही, हे त्यांना पटवता पटवता त्याची दमछाक झाली. त्यात त्याने आणखी एक कलम वाचलं: आपण कुत्र्याला जिवे मारलं किंवा अधू केलं, तर 325, पाच वर्षांपर्यंत कैद. सासूबाईंनी हातातली काठी दाराआड ठेवली आणि कायदा करणाऱ्यांनी कधी कोंबडी पाळली नसणार, असं मत दिलं.

अशात टायगरने कोंबडा मारला. साधासुधा नव्हे. राखणीसाठी, म्हणजे घर-जागा सांभाळणाऱ्या राखणदार देवाला द्यायला ठेवलेला, लाल तुऱ्याचा.

सासूबाई या वेळी ओरडल्या नाहीत. गडग्याजवळ गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "राखणदाराचो होतो हां तो. माझो नाय." राखणदार दोन्ही घरांचा एकच. त्याची वाटणी अजून झालेली नाही. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हद्द विचारली नाही, पिसं मोजली नाहीत. संध्याकाळी टायगरच्या गळ्यात साखळी आली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी काका काखेत कोंबडा घेऊन हजर. सासूबाईंनी त्याचा तुरा बघितला, पाय बघितले, हातावर तोलून बघितलं. "हलको आसा," म्हणाल्या, पण घेतला.

राखण झाली. गाऱ्हाण्यात काकांनी सगळ्यांसाठी मागणं मागितलं; टायगरचं नाव घेताना मात्र जरा पुटपुटले. कोंबडा त्यांच्याच घरी शिजला, वडे आमच्याकडून गेले, आणि दोन्ही घरं एका पंगतीला बसली. हाडं टायगरच्या वाटणीला आली. तो खळ्यात बसून ती कडाकडा फोडत होता, आणि काका आग्रह करकरून सासूबाईंना सांगत होते, "बघा, आता शिजवलेला खाता हां. कच्चा खाणा नाय."